घरी टर्बो बसवताना: पाईप कोणता घ्यायचा आणि जोडायचा कसा

टर्बो म्हणजे एका शाफ्टवरची दोन चाकं: इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला वायू टर्बाइन फिरवतो, आणि तिच्यासोबत फिरणारा कॉम्प्रेसर हवा दाबून इंजिनात ढकलतो. सिलिंडर हेडपासून टर्बाइनपर्यंत जाणारा आणि कॉम्प्रेसरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत जाणारा, दोघांनाही आपण पाईपच म्हणतो. पण दोघांच्या नशिबी येणारा ताप अगदी वेगळा. पेट्रोल इंजिन पूर्ण भाराखाली असताना टर्बाइनच्या तोंडाशी वायू ८५० ते ९५० अंश सेल्सियसपर्यंत तापलेला असतो, डिझेलमध्ये साधारण ६५० ते ७५०. दुसऱ्या बाजूला ३० अंशांची हवा १ बार बूस्टपर्यंत, म्हणजे वातावरणापेक्षा १ बार जास्त दाबापर्यंत, दाबली, की ती कॉम्प्रेसरमधून सुमारे १२५ अंशांवर बाहेर पडते आणि ती थंड करणाऱ्या इंटरकूलरनंतर ५० च्या आसपास उतरते. त्यामुळे खरेदीला निघण्याआधी प्रत्येक तुकड्यापुढे तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: तो किती तापणार, त्याच्यावर कोणाचं वजन लटकणार, आणि तापून लांबल्यावर त्याला सरकायला जागा आहे का.

घरच्या कामासाठी आमचं मत आधीच सांगतो. मॅनिफोल्डला, म्हणजे हेडपासून टर्बाइनपर्यंतच्या पाईपांना, जाड, काळ्या पोलादाचे शेड्यूल ४० चे (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचा क्रमांक) बटवेल्ड एल्बो, म्हणजे टोकाला टोक लावून वेल्ड करायची वळणं. डाऊनपाईपला, म्हणजे टर्बाइननंतरच्या एक्झॉस्टला, दीड ते दोन मिलिमीटरची एमएस (साधं पोलाद) किंवा स्टेनलेस ट्यूब. चार्ज पाईपला, म्हणजे कॉम्प्रेसरपासून थ्रॉटलपर्यंतच्या हवेच्या पाईपला, ॲल्युमिनियम, आणि ते वेल्ड करायची सोय नसेल तर एमएस. चकचकीत पातळ स्टेनलेसचं मॅनिफोल्ड फोटोत देखणं दिसतं. पण आतून आर्गन न भरता जोडलेलं आणि टर्बोला आधार न दिलेलं असं मॅनिफोल्ड तडकतंच, आणि तडकताना धातूची कपची सुटली तर ती थेट टर्बाइनच्या पात्यांवर जाते.

मॅनिफोल्डचा माल

खरेदीत सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मापांचा. ट्यूब बाहेरच्या व्यासाने ओळखली जाते. पाईपचं नाव मात्र ना आतला व्यास सांगतं ना बाहेरचा. सव्वा इंची शेड्यूल ४० पाईप बाहेरून ४२.२ मिमी असतो, त्याची भिंत ३.५६ मिमी आणि आतला व्यास ३५.१. दीड इंची ट्यूब बाहेरून ३८.१ मिमी, भिंत १.६ धरली तर आतून ३४.९. म्हणजे वायूच्या दृष्टीने सव्वा इंची पाईप आणि दीड इंची ट्यूब एकाच मापाचे. हे न कळता दीड इंची एल्बो आणि दीड इंची ट्यूब मागवली तर एल्बो बाहेरून ४८.३ आणि ट्यूब ३८.१ अशी जोडी हातात येते, आणि ती कशीच जुळत नाही. कॅलिपर घेऊनच माल घ्या.

दीड-दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाला, ३०० अश्वशक्तीपर्यंत, सव्वा इंची पाईप पुरतो. त्यापुढे दीड इंची, आतला व्यास ४०.९ मिमी. त्याहून मोठा घेतला तर वायूचा वेग पडतो आणि टर्बो उशिरा जागा होतो. सव्वा इंची शेड्यूल ४० चं वजन मीटरला सुमारे ३.४ किलो भरतं. जड वाटतं, पण त्याच जाडीमुळे टर्बोचं वजन पेलतं, वेल्डिंगला चूक पोटात घालायला धातू मिळतो, आणि वर्षानुवर्षं खवले निघूनही भिंत शिल्लक राहते. साधं पोलाद साडेपाचशे अंशांच्या वर भराभर ऑक्सिडाइज होतं, खवल्या धरतं. साडेतीन मिमीतून ते परवडतं, सव्वा मिमीतून नाही. याच कारणासाठी एमएसच्या मॅनिफोल्डला उष्णतारोधक पट्टी गुंडाळू नका. पट्टीखाली भिंत आणखी तापते, ओलही धरून राहते, आणि खालचं पोलाद न दिसता झिजत जातं.

एल्बो मागताना सीमलेस, बटवेल्ड, लाँग रेडियस असं स्पष्ट सांगा. आट्यांचे नळकामाचे एल्बो चालत नाहीत. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जीआय, तर अजिबात नको: जस्त ९०७ अंशांवर उकळतं आणि पोलाद वितळतं १५०० च्या आसपास, म्हणजे आर्क पेटताच जस्ताची वाफ होते. तिच्या पांढऱ्या धुराने थंडी वाजून ताप भरतो आणि जोडही भोकाभोकांचा होतो. घासून जस्त निघतं असं सांगणारे भेटतील. पाईपच्या आतलं कोण घासणार?

स्टेनलेसच घ्यायचं असेल तर ग्रेड बघा. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ४२५ ते ८६० अंशांच्या पट्ट्यात ते बराच वेळ राहिलं की कार्बन क्रोमियमला धरून दाण्यांच्या कडांवर बसतो आणि त्या कडा दुबळ्या पडतात. मॅनिफोल्ड नेमकं त्याच पट्ट्यात जगतं. ३०४एल मध्ये कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत असतो, म्हणून वेल्डिंगपुरता तो बरा. मॅनिफोल्डसाठी खरा माल म्हणजे ३२१, कारण त्यातलं टायटॅनियम कार्बनला आधीच बांधून ठेवतं. ३१६ ला जास्त पैसे घालू नका. त्यातलं मॉलिब्डेनम खाऱ्या पाण्याच्या गंजाला उपयोगी, इथल्या उष्णतेला नाही. ४०९ चुंबकाला चिकटतं, कमी प्रसरण पावतं, डाऊनपाईपला आणि मागच्या एक्झॉस्टला छान. रेलिंगसाठी विकली जाणारी पॉलिश ट्यूब मात्र बहुधा २०२ सारख्या कमी निकेलच्या ग्रेडची असते. तिलाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाने ३०४ ची खात्री पटवून घेऊ नका. ट्यूबवरचा छाप किंवा टेस्ट सर्टिफिकेट बघा.

आता प्रसरणाचं गणित, कारण बहुतेक तडे इथूनच येतात. अर्धा मीटर लांबीचा रनर, म्हणजे मॅनिफोल्डमधला एका सिलिंडरचा पाईप, ७०० अंशांनी तापला तर साध्या पोलादाचा सुमारे ५ मिमी लांबतो, ३०४ चा साडेसहा. हेडचा फ्लँज, म्हणजे बोल्टने आवळायची जाड पट्टी, त्या मानाने थंडच राहतो, टर्बोही बोल्टने आवळलेला. मग ते पाच-सहा मिमी जाणार कुठे? सरळ, आखूड आणि ताठ रनर असेल तर ते फ्लँजच्या जोडाला वाकवतात. दर वेळी गाडी तापून थंड झाली की तिथला धातू थोडा थोडा थकतो आणि वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर पडते. रनरला एखादं वळण असलं की ते वळण स्प्रिंगसारखं काम करतं. म्हणून अगदी सरळ रेषेतला रनर टाळा, लांबी थोडी वाढली तरी चालेल.

आधी जागा, मग कापणी

टर्बो जिथे बसणार तिथे त्याला तात्पुरत्या आधारावर उभा करा, आणि पहिली तपासणी तेलाच्या ड्रेनची, म्हणजे टर्बोतलं तेल परत इंजिनात नेणाऱ्या नळीची. ड्रेन सरळ खाली पडला पाहिजे, उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलंडलेला नको, आणि आतला व्यास किमान १६ मिमी. टर्बोतून तेल फेसाळून, कुठल्याही दाबाविना, केवळ स्वतःच्या वजनाने खाली येतं. वाट अरुंद किंवा आडवी झाली की ते सीलमधून टर्बाइनमध्ये शिरतं, आणि माणूस टर्बो खराब निघाला म्हणून दोष देत बसतो. ड्रेन जमला की मग बॉनेट, ब्रेकची लाईन, स्टीअरिंग शाफ्ट आणि वायरिंग यांच्यापासूनचं अंतर बघा.

एल्बो कापायला सव्वा इंचीचे आकडे हाताशी ठेवा. मध्यरेषेची त्रिज्या ४८ मिमी, म्हणून बाहेरच्या कमानीवर १ अंशाला १.२ मिमी आणि आतल्या कमानीवर ०.४७ मिमी. ६० अंशांचा तुकडा हवा असेल तर तोंडापासून बाहेरून ७२ मिमी आणि आतून २८ मिमी मोजून दोन खुणा करा, त्यांना जोडणारी कागदाची पट्टी भोवती गुंडाळा आणि पट्टीच्या कडेने रेघ मारा. कट रेघेच्या बाहेर ठेवा. उरलेलं कानशीने किंवा बेल्टवर बसवता येतं, कापलेलं परत येत नाही.

दोन तुकडे उजेडासमोर धरून बघा. फटीतून उजेड दिसला तर अजून घासायचं आहे. एक मिमीची फट भरताना रॉड जास्त जातो, उष्णता जास्त जाते, आकसताना तुकडा त्या बाजूला ओढला जातो. चार रनरांत मिळून फ्लँज तीन-चार मिमी सरकलेला सापडतो. जाड पाईपला अपवाद आहे. साडेतीन मिमीच्या भिंतीला ३० ते ३५ अंशांचा बेव्हल (तिरकी कड) मारून, मुळाशी मिमीभराची कड ठेवून, दीड मिमीची सारखी फट मुद्दाम सोडतात, म्हणजे वेल्ड आतपर्यंत उतरतो.

कलेक्टरमध्ये, म्हणजे रनर जिथे मिळतात तिथे, चारही पाईप लहान कोनात एकत्र यायला हवेत, आणि वेस्टगेटची (बूस्ट आवरण्यासाठी जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची) नळी अशा जागी हवी जिथे चारही सिलिंडरचा वायू वाहत्या दिशेनेच, ४५ अंशांच्या आत वळून पोचेल. नळी काटकोनात किंवा उलट्या दिशेने काढली तर वायू ती वाट धरत नाही, वेस्टगेट पूर्ण उघडूनही बूस्ट चढत राहतो. या चुकीवर मोठा वेस्टगेट लावून मार्ग निघत नाही. पाईपच कापावा लागतो. ट्विन स्क्रोल (टर्बाइनकडे वायूच्या दोन वेगळ्या वाटा असलेला) टर्बो असेल आणि प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ असेल तर १ आणि ४ एका वाटेत, २ आणि ३ दुसऱ्या वाटेत, आणि मधली भिंत फ्लँजपर्यंत अखंड.

हेडचा फ्लँज १० ते १२ मिमी एमएस प्लेटचा. तो वेल्डिंगमध्ये केळ्यासारखा वाकतो, म्हणून तो निरुपयोगी हेडवर किंवा किमान २० मिमी जाडीच्या प्लेटवर सगळ्या बोल्टांनी आवळूनच काम करा. प्रत्येक रनरला समोरासमोर चार टॅक (छोटे तात्पुरते टाके), मग एका पोर्टवर २०-२५ मिमीचा टाका, मग दूरच्या पोर्टवर, असं फिरत राहा. पूर्ण झाल्यावर हात लावता येईल इतका थंड होईपर्यंत बोल्ट सोडू नका. नंतर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघा, ०.१५ मिमीची पात कुठे आत शिरली तर फेसिंग करून, म्हणजे तोंड यंत्रावर सपाट करून, घ्या. सगळं झाल्यावर पोर्टांच्या मधला फ्लँज करवतीने कापून वेगळा केला तर प्रत्येक पोर्ट आपापला सरकतो, आणि गॅस्केट जास्त टिकतं.

कंपनीचं बिडाचं मॅनिफोल्ड असेल आणि त्यावर टर्बोचा फ्लँज बसवायचा विचार असेल, तर वेल्ड करण्यापेक्षा बोल्टने बसणारी जाड ॲडॅप्टर प्लेट करा. बिड निकेल रॉडने जोडता येतं, पण आधी तापवणं, इंचभराचे टाके, प्रत्येक टाका हातोडीने ठोकणं आणि तासन् तास सावकाश थंड करणं एवढं सगळं पाळूनही लाल होणाऱ्या जागी त्याचा भरवसा कमीच.

वेल्डिंग कोणतं

साधं आर्क वेल्डिंग घरी सगळ्यात सहज मिळतं, आणि शेड्यूल ४० चे एल्बो त्याने नीट जोडता येतात. अडीच मिमीचा ई६०१३ रॉड, साधारण ७० ते ९० अँपिअर. अडचण स्लॅगची, म्हणजे वेल्डवर साचणाऱ्या काचेसारख्या मळीची: मुळापर्यंत उतरलेला वेल्ड आतल्या बाजूलाही स्लॅग टाकतो, आणि ती काच तापून-निवून कधी तरी सुटते. रनर फ्लँजला जोडण्याआधी, आत हात किंवा छिन्नी पोचत असतानाच, प्रत्येक जोड आतून खरवडून घ्या. दीड मिमीच्या ट्यूबला आर्क लावू नका, भोक पडण्यातच वेळ जाईल.

सीओटू म्हणजे मिग वेल्डिंग वेगवान आणि शिकायला सोपं. ०.८ ची तार, ईआर७०एस-६. दीड मिमीच्या ट्यूबला ६० ते ८० अँपिअर, साडेतीन मिमीच्या पाईपला १२० ते १४०. शुद्ध कार्बन डायऑक्साइडने शिंतोडे जास्त उडतात. ८० टक्के आर्गन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण मिळालं तर तेच घ्या. मिगचा खरा धोका दिसत नाही. जाड पाईपवर, अँपिअर कमी पडले की, वर सुरेख गोलाकार वेल्ड बसतो पण खालचा धातू वितळलेलाच नसतो. म्हणून खऱ्या कामाआधी त्याच पाईपचे दोन तुकडे जोडा, जोड आडवा कापा, कापलेली कड एमरीने घासून उजेडात धरा. वेल्ड आणि पाईप यांच्यामध्ये काळी रेघ दिसली तर जोड लागलेला नाही. दुसरा तुकडा व्हाइसमध्ये धरून हातोडीने वाकवा: पाईप वाकला पाहिजे, वेल्ड सुटता कामा नये. हे करायला वीस मिनिटं लागतात, आणि ती कोणीही वाचवू नयेत. गॅसविना चालणारी फ्लक्सची तार मात्र टर्बोच्या आधीच्या कुठल्याही पाईपला नको. तिचे शिंतोडे आणि स्लॅग दोन्ही आत राहतात.

आर्गन, म्हणजे टिग, वेल्डिंग इथे सगळ्यात योग्य. शिंतोडे नाहीत, स्लॅग नाही, आणि वितळलेलं डबकं डोळ्यांसमोर असतं. एमएससाठी मिलिमीटरमागे सुमारे ४० अँपिअर धरा: दीड मिमीला ६०, साडेतीन मिमीला १३० ते १४०. स्टेनलेस उष्णता वाहून नेत नाही, म्हणून दीड मिमीला ४५ ते ५५ च पुरतात. डीसी, टॉर्च ऋण टोकाला, लँथनम मिसळलेलं १.६ किंवा २.४ मिमीचं टंगस्टन. त्याचं टोक चाकावर लांबीच्या दिशेने घासा. आडवं घासलं तर आर्क भटकतो. थोरियमचं लाल टोकाचं टंगस्टन किरणोत्सारी असतं आणि घासताना त्याची धूळ श्वासात जाते, ते टाळा. आर्गन मिनिटाला ८ ते १० लिटर, ८ नंबरचा कप, शक्यतो गॅस लेन्ससह (झोत शांत ठेवणाऱ्या जाळीसह). गॅस वाढवला की संरक्षण वाढतं हा गैरसमज आहे. १५ च्या पुढे झोत घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. आर्क बंद झाल्यावर दर १० अँपिअरला एक सेकंद या हिशोबाने गॅस चालू ठेवा आणि टॉर्च तिथेच धरून ठेवा. शेवटी करंट एकदम तोडलात तर खड्ड्याच्या मध्यभागी ताऱ्यासारखी बारीक चीर राहते, आणि पुढे तडा तिथूनच धावतो. करंट हळूहळू उतरवा, खड्डा रॉडने भरा, मग थांबा.

फिलर रॉडची निवड पाठ असू द्या. एमएसला ईआर७०एस-२ किंवा ईआर७०एस-६. ३०४ ला ३०८एल. ३२१ ला ३४७, कारण टायटॅनियम आर्कमध्ये जळून जातं आणि नायोबियम टिकतं. एमएसचा फ्लँज आणि स्टेनलेसची ट्यूब यांना ३०९एल. इथे ३०८ वापरला तर पोलाद मिसळून वेल्ड कडक आणि ठिसूळ होतो.

ऑक्सि-ॲसिटिलीन गॅसनेही दीड मिमीची एमएस ट्यूब सुरेख जोडता येते, उदासीन ज्योत आणि तांब्याचा मुलामा दिलेला एमएस रॉड घेऊन. पितळेच्या रॉडने ब्रेझिंग मात्र मॅनिफोल्डला चालणार नाही. ते सुमारे ९०० अंशांना वितळतं आणि त्याच्या कितीतरी आधी ताकद सोडतं.

स्टेनलेसच्या आतली बाजू

स्टेनलेस वितळत असताना मागच्या बाजूला हवा असेल तर तिथे काळा, खडबडीत, फुगलेल्या साखरेसारखा थर येतो. तो थर म्हणजे जळालेलं क्रोमियम. तिथला धातू पोकळ आणि ठिसूळ असतो, वायूला अडथळा होतो, आणि त्याचे कण टर्बाइनकडे जातात. उपाय एकच: पाईप आतून आर्गनने भरून काढणं.

दोन्ही टोकं ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करा. आर्गन हवेपेक्षा जड, म्हणून नळी खालच्या टोकाला आणि तीन मिमीचं भोक वरच्या टोकाला. आतल्या आकारमानाच्या दहापट आर्गन जाऊ द्यायचा. मॅनिफोल्डचे चारही रनर मिळून आत तीन लिटर जागा असेल तर ३० लिटर लागतात; मिनिटाला ५ लिटर सोडले तर सहा मिनिटं. मग प्रवाह २ ते ३ लिटरवर आणा आणि आर्क पेटवा. न जोडलेल्या फटींवर पट्टी लावून ठेवा आणि वेल्ड पुढे सरकेल तशी सोलत जा. शेवटच्या सेंटिमीटरला प्रवाह अजून कमी करा, नाहीतर आतला दाब वितळलेला धातू बाहेर फुंकतो आणि नेमकं शेवटी भोक पडतं. त्यासाठी दुसरा रेग्युलेटर किंवा दोन वाटांचा फ्लोमीटर लागतो. एकाच नळीला टी लावली तर टॉर्चचा गॅस कमी-जास्त होतो. आतून फ्लक्सची पेस्ट लावण्याचीही पद्धत आहे. डाऊनपाईपला ती चालेल, पण टर्बोच्या आधी नको, कारण वाळलेली काच नंतर सुटते.

वेल्डचा रंग बघायला शिका. फिकट सोनेरी किंवा गवती उत्तम, निळा चालतो, राखाडी आणि मळकट म्हणजे उष्णता जास्त किंवा गॅस कमी.

डाऊनपाईप

टर्बाइननंतर दाब आणि तापमान दोन्ही उतरतात, म्हणून इथे पातळ ट्यूब चालते. २५० अश्वशक्तीपर्यंत अडीच इंची, त्यापुढे तीन इंची. वळणं मँड्रेलवर (आतून आधार घालून) वाकवलेली घ्या. प्रेसवर वाकवलेल्या पाईपचं वळणात पोट दबलेलं असतं आणि तीन इंचांचे पैसे देऊन अडीच इंच मिळतं. ॲल्युमिनाइज्ड ट्यूब टिकाऊ आणि सोपी, फक्त जोडाच्या दोन्ही बाजूंना १० मिमी मुलामा घासून काढा, नाहीतर वेल्ड फेसाळतो.

वळण नसेल तर कापे जोडून करता येतं. अडीच इंची ट्यूबला ९० अंशांसाठी चार पाचरी आणि पाच जोड, प्रत्येक तोंड ९ अंशांत. त्रिज्या ९५ मिमी धरली तर पाचरीची आतली कड २० मिमी आणि बाहेरची ४० मिमी येते. ट्यूबवर लांबीने एक सरळ रेघ आधीच मारून ठेवा. पाचरी जोडताना ती रेघ जुळली नाही तर वळण पिळवटलेलं होतं.

डाऊनपाईपमध्ये आतून अस्तर असलेला फ्लेक्स (लवचिक तुकडा) हवाच, कारण इंजिन माउंटवर हलतं आणि बॉडी हलत नाही. व्ही-बँडच्या (गोल क्लँपने आवळायच्या जोडाच्या) दोन्ही कडा क्लँप आवळलेला असतानाच टॅक करा आणि चौथाई-चौथाई करून समोरासमोर जोडा. लॅम्डा (ऑक्सिजन) सेन्सरचा बंग, म्हणजे तो बसवायची कडी, एम१८ बाय १.५ आट्यांचा, त्यात जुना प्लग घट्ट बसवून वेल्ड करा, म्हणजे आटे वेडेवाकडे होत नाहीत. सेन्सर आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर झुकलेला असावा, नाहीतर पाण्याचा थेंब त्याच्या तापलेल्या सिरॅमिकवर पडून तो तडकतो.

टर्बोचं वजन मॅनिफोल्डने एकट्याने पेलू नये. टर्बोपासून इंजिन ब्लॉकपर्यंत एक ब्रॅकेट द्या, बोल्टचं एक भोक लांबट ठेवा. बॉडीला मात्र बांधू नका.

चार्ज पाईप

इथे मोठा व्यास म्हणजे जास्त ताकद असं समजून तीन इंची पाईप सर्रास लावले जातात. आकडे पाहा. ३०० अश्वशक्तीला मिनिटाला सुमारे १३.६ किलो हवा लागते. १ बार बूस्ट आणि ५० अंशांना ती सेकंदाला १०५ लिटर भरते. दोन इंची पाईपमध्ये, आतून ४७.५ मिमी, तिचा वेग सेकंदाला ५९ मीटर होतो; अडीच इंचीत, आतून ६० मिमी, ३७ मीटर. ध्वनीचा वेग तिथे ३६० च्या आसपास, म्हणजे दोन इंचीसुद्धा गुदमरत नाही. अडीच इंची ऐसपैस आहे. दोन मीटर लांबीत अडीच इंचीत ५.७ लिटर हवा मावते, तीन इंचीत ८.४, आणि हा फरक दर वेळी पेडल दाबल्यावर भरून काढावा लागतो.

दोन मिमी भिंतीची अडीच इंची ॲल्युमिनियम ट्यूब मीटरला सुमारे एक किलो भरते, १.६ मिमीची पोलादी २.४ किलो. ॲल्युमिनियमला एसी टिग लागतं. त्यावरचा ऑक्साइडचा थर २०७२ अंशांना वितळतो आणि खालचा धातू ६६० ला. एसीच्या अर्ध्या फेरीत तो थर फुटतो. आधी ॲसिटोनने तेल काढा, मग ॲल्युमिनियमसाठीच राखून ठेवलेल्या स्टेनलेस ब्रशने घासा. क्रम उलटा केला तर ब्रश तेल धातूत रगडतो. दोन मिमीला ८० ते ९० अँपिअर, आणि पाईप तापत जाईल तसे कमी करत जा. रॉड ४०४३ घ्या. ५३५६ जास्त मजबूत असला तरी ६५ अंशांच्या वर सतत तापणाऱ्या जागी तो चालत नाही, आणि कॉम्प्रेसरनंतरची हवा १२५ अंशांची असते हे वर आलंच आहे.

एसी टिग नसेल तर एमएस ट्यूब मिगने जोडा, पण आतून शिंतोडे घासून काढा आणि आत पातळ तेल फिरवा. गंजाचे खवले थ्रॉटलकडे जातात.

पाईपच्या टोकाला कड उचललेली असलीच पाहिजे. अडीच इंची टोकावर १.५ बारला सुमारे ४७५ न्यूटन, म्हणजे ४८ किलोंचा जोर पाईपला सिलिकॉनच्या नळीतून बाहेर ढकलतो. गुळगुळीत टोकावर क्लँप कितीही आवळा, तेल लागलं की ते घसरणार. कड उठवायचं यंत्र नसेल तर टोकापासून ८-१० मिमीवर वेल्डची बारीक गोल कडी मारा आणि कानशीने गोल करा, म्हणजे नळी कापली जाणार नाही.

तेलाचा ड्रेन संपवर

संपला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला, ड्रेनचा बंग वेल्ड करताना संप काढूनच करा. गाडीवर, तेल काढूनही, आत वाफ उरते आणि ती पेट घेते. पोलादी संप सोपा. ॲल्युमिनियमचा ओतीव संप वर्षानुवर्षं तेल प्यायलेला असतो. आर्क लागताच काळे फेस वर येतात. तो आधी धुवा, तापवा, पहिला थर घासून टाका, पुन्हा वेल्ड करा, आणि शेवटी आत रॉकेल ओतून बाहेर खडूची पावडर लावून तासभर ठेवा. खडू ओला झाला तर पिनहोल आहे. बंग तेलाच्या पातळीच्या वर हवा. खाली बसवला तर ड्रेन तुंबतो.

वेल्डिंगपूर्वीची आणि नंतरची काळजी

ब्रेक क्लीनरचा डबा वाचा. त्यात क्लोरीन असलेलं द्रावण असेल तर आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. धातू पुसायला फक्त ॲसिटोन, आणि तोही पूर्ण वाळल्यावर आर्क. स्टेनलेसच्या धुरात सहासंयुजी क्रोमियम असतं, म्हणून धूर ओढणारा पंखा आणि योग्य फिल्टरचा मास्क लागतोच. बंद खोलीत किंवा खड्ड्यात आर्गन खाली साचतो आणि श्वास कोंडतो. कुठलाही वास येत नाही, त्यामुळे सावध व्हायला वेळ मिळत नाही.

टॅकसुद्धा गाडीवर मारायची असेल तर बॅटरीची दोन्ही टोकं काढा, ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर सोडा आणि अर्थ क्लँप जोडाच्या अगदी जवळ लावा. टर्बो लावलेला असताना वेल्ड करू नका; करंट शाफ्टमधून गेला तर बेअरिंगवर ठिणग्यांचे डाग पडतात. टर्बोच्या जागी फ्लँजच्या मापाचा लाकडी किंवा पोलादी नमुना वापरा.

शेवटी चाचणी. चार्ज पाईप जोडून एका टोकाला टोपी आणि दुसऱ्या टोकाला हवेचा व्हॉल्व्ह लावा, ०.३ बारपासून सुरुवात करून ठरलेल्या बूस्टपर्यंतच जा, साबणाचं पाणी ब्रशने लावा. टोपीच्या समोर कोणी उभं राहू नये, ती सुटली तर गोळीसारखी जाते. मॅनिफोल्डला ०.३ बार पुरे. मग सगळे पाईप उलटे करून ठोका, दाबाच्या हवेने फुंका, ओल्या फडक्याचा बोळा आरपार ओढा. फडक्यावर चमकणारा एक कण दिसला तरी पुन्हा ओढा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर थंड इंजिनावर सगळे नट पुन्हा आवळा आणि प्रत्येक जोडाच्या कडेला काजळीची रेघ शोधा. गळती असेल तिथे ती पहिल्या आठवड्यातच उमटते.